परकोटाला टेकलेलं घर

सर, मी खंदकातली मुलगी. तुमच्या सातवीच्या वर्गात खिडकीकडच्या बाकावर बसायची ती. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही, त्यामुळे या ओळखीनंच लवकर आठवेन असं वाटतं. तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयाच्या मी केव्हाच पुढे आले आहे. केस पांढरे झालेत, गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स आहे आणि नोकरीही आता संपत आली. मागच्या आठवड्यात वॉर्डात एक माणूस भेटला. त्याच्याशी बोलणं झालं तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. त्या माणसाचं शेवटी सांगते. आधी घराचं सांगायला हवं, कारण तुमची माझी ओळख त्या घरामुळे झाली.

तुम्ही चांद्याला आमच्या शाळेत नवीनच आला होता. गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तुम्ही एटापल्लीकडच्या जंगलातले आहात हे आम्हा मुलींना पहिल्याच दिवशी कळलं, कारण शिक्षकांच्या खोलीतून तुमच्या नावाला 'राजेसाहेब' म्हणून हसल्याचं बाहेर ऐकू आलं होतं. गोंडाचा माणूस, आणि शिकवणार चांद्याच्या गोंड राजांचा इतिहास, यात त्यांना काय गंमत वाटायची कोण जाणे. तुम्ही टेरिकॉटची पँट आणि टायरच्या चपला घालून वर्गात आलात, फळ्यावर शहराच्या परकोटाचा, म्हणजे तटाचा, वेडावाकडा गोल काढला, दोन बाजूंना इरई आणि झरपट अशा दोन नद्या काढल्या, गोलावर चार दरवाजे आणि त्यांच्यामध्ये छोट्या खिडक्या दाखवल्या. मग गोलाच्या बाहेरून एक रेघ ओढून विचारलं, "खंदक म्हणजे काय, कोण सांगेल?" मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ही राहते तो." सगळा वर्ग हसला. मी खाली बघत बसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्याजवळ येऊन विचारलंत, "घर खंदकात आहे?" मी म्हणाले, "खंदकात नाई सर. खंदक आणि परकोट याच्या मधात. आमची मागची भिंत परकोटाचीच आहे." तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, "म्हणजे या वर्गात किल्लेदार एकच आहे, आणि ती ही." त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी किल्लेदार झाले. इतरांसाठी खंदकातलीच राहिले, पण आता मला त्याचं काही वाटेनासं झालं.

त्याच आठवड्यात तुम्ही घरी आलात. माय चुलीपुढे बसली आहे, भातगिरणीतून येताना आणलेल्या कण्या शिजताहेत, आणि तुम्ही दारात वाकून उभे आहात, कारण आमचं दार बुटकं होतं. तुम्ही आत येता आणि कुणाकडे न बघता सरळ मागच्या भिंतीशी जाता. चुलीच्या धुरानं ती भिंत काळीकुट्ट झालेली होती. दगडांच्या सांध्यांत मायनं खिळे ठोकून पळ्या, गाळणं, कंदील, सगळं टांगलं होतं. निळ्या कोटातला फोटोही तिथंच होता, त्याच्याखाली बुद्धाचं कॅलेंडर. तुम्ही सांध्यातल्या चुन्यावरून बोट फिरवता. माय घाबरून उठते.

"सर, खिळा ठोकला तं पाप लागते का?"

"नाई बाई. राजा गेला, राज गेलं. आता कोणाचं पाप लागन?"

तुम्ही घरात आमच्यासारखंच बोललात याचं मला केवढं नवल वाटलं होतं. वर्गातली तुमची भाषा पुस्तकातली होती. माय हसली, पाट दिला, काळा चहा ठेवला. तुम्ही चहा घेता घेता तिला परकोटाची गोष्ट सांगितली. अंगभर गाठी आलेला राजा झरपटेच्या पाण्यानं बरा कसा झाला, मग एक दिवस शिकारीला गेला असताना त्याच्या कुत्र्यामागे ससाच कसा धावू लागला, कुत्रा वाकडातिकडा पळाला, आणि राणी म्हणाली की ज्या वाटेनं ते पळाले त्या वाटेवर शहराचा तट उभा कर. ससा जिथं जिथं वळला तिथं तिथं बुरूज बांधला. एका राजानं पाया घातला आणि कित्येक पिढ्यांनंतरच्या दुसऱ्या राजानं काम पुरं केलं. बाहेरून खंदक खणला. खंदकातली माती आणि मुरूम तटाच्या पोटात घातला, दोन्ही बाजूंनी घडीव दगड लावला. तुम्ही हातांनी दाखवत होता, जणू तुम्ही तिथं होता.

मायनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "ससा पळाला ते समजलं. पण एवढे दगडं कोणी वाहले?"

"आमच्या लोकायनं," तुम्ही म्हणालात. मग मायकडे बघून म्हणालात, "अन् तुमच्याही."

"मंग बांधून झाल्यावर आमाले अंदर ठेवलं का बाहेर?"

तुम्ही कप खाली ठेवला. खोटं बोलावं असं तुमच्या मनात आलं असेल, पण बोलला नाहीत. "बहुतेक बाहेरच, बाई."

"आता बी बाहेरच आहो," माय म्हणाली, आणि कण्या ढवळायला वळली. ती रागानं बोलली नव्हती. पण तुम्ही निघताना दाराची चौकट तुमच्या कपाळाला लागली आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुम्ही आम्हाला रविवारी परकोटावरून चालवत न्यायचात. कुठं वर चार माणसं शेजारी चालतील एवढी रुंदी, कुठं घळ पडलेली, मधूनच कडुनिंब आणि पिंपळ उगवलेले. जटपुरा दरवाज्याशी थांबून तुम्ही वर कोरलेला, हत्तीवर चढलेला सिंह दाखवायचात आणि म्हणायचात की ज्यांची ही खूण आहे, त्यांची नातवंडं आज तेंदूपानं तोडतात. एकदा मी विचारलं की एवढी मोठी भिंत आणि खंदक असून भोसले आत कसे आले, इंग्रज आत कसे आले. तुम्ही म्हणालात, इंग्रजांनी तोफा लावल्या आणि भिंत फोडली, भोसल्यांच्या वेळी मात्र आतलीच माणसं फुटली होती. "मग भिंतीचा उपयोग काय झाला?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही सायकल कडेला लावलीत. मग म्हणालात, "पुराचं पाणी थांबलं. इरई फुगली की दरवाजे लावून घ्यायचे. पाणी तिनं खरंच थांबवलं." शत्रूंपैकी तेवढा एकच तिनं थांबवला, आणि ते सांगताना तुम्हाला लाज वाटत होती.

त्या काळात शहर बाहेर पसरू लागलं होतं. तिकडे दुर्गापूरजवळ वीजकेंद्र उभं राहत होतं, ऊर्जानगरच्या चाळी बांधल्या जात होत्या, बाबा तिथंच रोजीवर जायचे. नवीन घरांना दगड लागायचा आणि परकोटाचा दगड फुकट होता. तुम्ही एका सकाळी शाळेत येताना ट्रॅक्टर पाहिला. लोक सब्बलीनं दगड सुटे करून भरत होते. तुम्ही ट्रॅक्टरपुढे सायकल आडवी घातली. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुमच्या बापाची आहे का भिंत?" तुम्ही म्हणालात, "हो. माह्या बापाचीच आहे." हे मला वस्तीतल्या बायांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही हसू आवरत नव्हतं, पण ते हसणं शिक्षकांच्या खोलीतल्यासारखं नव्हतं. त्यांना तुमचा अभिमान वाटला होता. त्या दिवशी ट्रॅक्टर रिकामा गेला.

तिथून तुम्ही अर्ज करायला लागलात. या कचेरीतून त्या कचेरीत, शाळा सुटली की सायकलवर. परकोट पडतो आहे, दगड चोरीला जातो आहे, सरकारनं लक्ष घालावं. बाबा म्हणायचे, "सर, सरकारचं ध्यान आपल्याकडे नाई तेच बरं असते." तुम्ही हसून सोडून दिलंत. बाबांनी शाळेची पायरी चढली नव्हती, पण सरकारी नजर एखाद्या जागेवर पडली की काय होतं हे त्यांनी कामावर पाहिलं होतं. वीजकेंद्राच्या जागेत कितीतरी गावं होती, आणि ती आता नव्हती.

शेवटी एकदा नागपूरहून एक साहेब आले. ते कोणत्या खात्याचे, हे आम्हाला नीट कळलं नाही. तुम्ही इतके आनंदात होता की शाळेतून आम्हा दहाबारा मुलींना घेऊन आलात. मायनं पहाटे उठून अंगण सारवलं होतं, शेजारणीकडून कपबशा आणून चहा केला होता. साहेब परकोट पाहत पाहत आमच्या घरापाशी आले. तुम्ही त्यांना आत नेऊन मागची भिंत दाखवली. इथला दगड कसा जागचा हललेला नाही, चुना कसा शाबूत आहे. म्हणालात, "साहेब, जिथं ही वस्ती आहे तिथं एक दगड गेलेला नाही. हे लोक राखण करतात."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला होता. ते म्हणाले, "राखण? हा धूर बघा. खिळे बघा. ऐतिहासिक वास्तूला टेकून चुली पेटल्यात, आणि तुम्ही राखण म्हणता?" मग बाहेर येऊन त्यांनी खंदकाच्या काठानं ओळीनं असलेली घरं पाहिली आणि बरोबरच्या माणसाला हळूच काहीतरी सांगितलं. त्यातला 'अतिक्रमण' एवढा शब्द मला ऐकू आला. चहा ते प्यायले नाहीत. तुम्ही मात्र तुमचा आणि त्यांचा, दोन्ही कप पिऊन टाकलेत, मायला वाईट वाटू नये म्हणून.

नंतर घरं हटवायची नोटीस लागली. वस्तीतले लोक तुमच्याकडे आले. तुम्ही ती वाचलीत आणि म्हणालात, "असं कसं करन? मी बोलतो. मी आहो ना, बाई." हे तुम्ही मायला म्हणालात, आमच्या अंगणात उभं राहून. आणि मायनं ते खरं मानलं, सर. शेजारच्या दोनतीन घरांनी तेवढ्यात दुसरीकडे जागा बघितली, बांबू नेऊन टाकले. बाबाही म्हणाले की आपण बघून ठेवू. माय म्हणाली, "सर म्हणून राह्यले ना." मी नववीत होते, मीही तसंच म्हणाले.

ते लोक थंडीत आले, सकाळी ऊन पडल्यावर. पोलीस होते, मजूर होते, पण ओरडाआरडा फार झाला नाही. माणसं आपापलं सामान काढत होती. बाबा घरावर चढून छपरावरची कवेलू उतरवत होते, एकेक करून, फुटू नयेत म्हणून, आणि मी खाली उभी राहून घेत होते. तेवढ्यात तुम्ही धावत आलात. हाताला खडू लागलेला होता, म्हणजे तास सोडून आला होता. तुम्ही सरळ अधिकाऱ्याकडे गेलात. "मी घरं काढा म्हटलं नव्हतं. मी भिंत वाचवा म्हटलं होतं." तो तरुण अधिकारी तुमच्याशी फार अदबीनं बोलला. म्हणाला, "सर, तुमच्याच अर्जावर तर कारवाई चालू आहे. तुम्ही खूश व्हायला पाहिजे."

हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. ऊन, धूळ, कोंबड्यांचा आवाज, आणि मध्येच सगळे लोक तुमच्याकडे बघतायत. तुम्ही तिथून हललात आणि आमच्या घराखाली येऊन माझ्या शेजारी हात वर करून उभे राहिलात, कवेलू घ्यायला. बाबांनी वरून पाहिलं. त्यांनी कवेलू माझ्या हातात दिलं. पुढचंही माझ्याच हातात दिलं. तुमचे हात तसेच वर. असं किती वेळ चाललं मला माहीत नाही, पण शेवटी बाबांना ते बघवेना, त्यांनी एक कवेलू तुमच्या हातात ठेवलं. तेव्हा माय आतून भांडी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "त्यायच्या हातात देऊ नका." आवाज चढवला नाही. मग तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुमाले दगडाची दया आली. माणसाची नाई आली." तुम्ही ते कवेलू जमिनीवर ठेवलंत, अगदी सावकाश, कडेला टेकवून, आणि तसेच बाजूला जाऊन उभे राहिलात. दुपारपर्यंत तुम्ही तिथंच होता. सामान भरलेली बैलगाडी हलली तेव्हा मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तुम्हाला थोडं बरं वाटलं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

आम्ही ऊर्जानगरच्या पलीकडे, वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाच्या बाजूला झोपडी घातली. बाबांना काम जवळ पडलं, मायची भातगिरणी सुटली. वाऱ्याच्या दिवसात भाकरीवर राख बसायची. मी शाळेत वीजकेंद्राच्या कामगारांच्या बसनं लपूनछपून यायची, कधी पायी. येता जाता परकोट दिसायचा. घरं गेल्यावर तो मोकळा उभा होता, आणि जिथं जिथं चुली होत्या तिथं तिथं काळे पट्टे, एकाशेजारी एक. आमचा मला ओळखू यायचा. वर्गात तुम्ही इतिहास शिकवायचात, पण पानिपत शिकवलंत, फ्रेंच राज्यक्रांती शिकवलीत, चांद्याचं काही बोलला नाहीत. मला किल्लेदार म्हणणंही तुम्ही बंद केलं होतं.

आणि मग ज्याला तुम्ही वाचवायला निघाला होता, तेच गेलं. आमची वस्ती होती तोवर त्या बाजूला ट्रक येऊ शकत नव्हता. मोकळी पट्टी झाली, त्यावर मुरूम पडला, ट्रक उभे राहू लागले, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की दरवाज्यात रोज वाहनं अडकतात, त्यापेक्षा इथूनच भिंत फोडून सरळ रस्ता काढला तर सोयीचं होईल. तुम्ही पुन्हा कचेऱ्यांना फेऱ्या घालायला लागलात. एका रविवारी तुम्ही सायकल मारत आमच्या झोपडीपर्यंत आलात. माय आत होती, ती बाहेर आली नाही. बाबा खाटेवर बसले होते. तुम्ही उभेच.

"भाऊ, तुमी लोक आले तं ते थांबतीन. मी एकटा पडून राह्यलो."

"कायच्यासाठी येऊ सर?" बाबा म्हणाले. "तिथी आता आमचं काय आहे?"

"परकोट आहे."

"तो तुमचा आहे," बाबा म्हणाले, आणि सरकून तुम्हाला खाटेवर जागा दिली. तुम्ही बसलात. आतून मायनं माझ्या हातात चहा दिला, एकच कप, तुमच्यासाठी. तुम्ही तो घेतलात आणि प्यायलात. मग सायकल घेऊन निघालात. त्या दिवशी तुमच्याकडे पाहून मला पहिल्यांदा कळलं की मोठी माणसंसुद्धा हरतात, आणि हरल्यावर त्यांनाही परत घरी सायकल चालवत जावं लागतं.

भिंत पाडली तेव्हा मी तिथं नव्हते. शाळेतून जाताना पाहिलं, तर मधोमध आकाश दिसत होतं. आतला मुरूम आणि माती दोन्ही बाजूंना ढासळून पडली होती, घडीव दगड वेगळे रचून ठेवलेले. आमचा काळा पट्टा त्यातच गेला. खंदक त्या मुरुमानंच भरला. ज्या मातीनं परकोट झाला होता तीच परत खड्ड्यात गेली, हे तुम्ही पाहिलं असतंत तर वर्गात सांगितलं असतंत. पण तुमची बदली झालेली होती. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत. शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "राजेसाहेब आपल्या राज्यात गेले."

तुम्हाला शेवटचं मी चांद्याच्या बसस्टँडवर पाहिलं. मी दहावीची परीक्षा देऊन आले होते, बरोबर माय होती. तुम्ही लोखंडी पेटीवर बसला होता, अहेरीची गाडी लागायची होती. खूप वाळला होता. मला वाटलं माय तोंड फिरवेल. ती थांबली. म्हणाली, "सर, तिकडे बरं आहे का?" तुम्ही उठून उभे राहिलात. "बरं आहे बाई. तिकडे भिंती कुडाच्या. पडल्या तं लिंपून टाकाच्या." माय थोडं हसली. तुम्ही मला पेपर कसे गेले विचारलंत, इतिहासाचा कसा गेला हे विचारलं नाहीत. गाडी लागली, तुम्ही पेटी उचललीत. एवढंच.

तुम्ही गेल्याची बातमी आम्हाला उशिरा कळली. पावसाळ्यात ताप डोक्यात गेला, नदीला पाणी होतं, गाडी येऊ शकली नाही, खाटेवर घालून न्यायला निघाले आणि वाटेतच संपलं. हे मी नंतर कितीतरी माणसांच्या बाबतीत पाहिलं. माझ्या वॉर्डात तसा ताप आलेला माणूस आणला की मी आधी डोळे बघते, आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. माय तांदूळ निवडत बसली होती. तिला सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. म्हणाली, "नीट जेवत होते का? एकला माणूस." मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तुम्हाला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मला खोटं सांगायचं नाही, म्हणून सांगते की ती जाईपर्यंत परकोटाच्या बाजूनं कधी गेली नाही. रिक्षा लांबून घ्यायला लावायची. बाबाही गेले, राखेनं छाती भरून. तुमच्या अर्जानं काही वाचलं असेल असं मी खूप शोधलं, सर. मला काही सापडलं नाही.

आता त्या माणसाचं. मागच्या आठवड्यात एटापल्लीकडून तापाची मुलगी आली. बरोबर तिचा बाप. मुलगी शुद्धीवर आल्यावर तो बोलायला लागला. मी चांद्याची हे कळल्यावर म्हणाला, "माहा मोठा बाप तिथी मास्तर होता. त्यानं राजाचा परकोट वाचवला." मोठा बाप म्हणजे बापाचा थोरला भाऊ, म्हणजे तुम्हीच, सर. विचारलं, कोणी सांगितलं? तो म्हणाला, "त्यानंच. बदली होऊन आला तवा आजीले, त्याच्या मायले सांगे, पाडाले आले होते, पण लोक उभे राह्यले, वस्तीतले सारे लोक उभे राह्यले, मंग सरकार मागं हटलं. आजी मरेपर्यंत साऱ्या गावाले सांगे. आमच्याकडे अजून सांगतात." मग त्यानं मला विचारलं, अगदी सहज, "उभा आहे ना तो, बाई?"

मी म्हणाले, "हो. उभा आहे."

तो खूश झाला. म्हणाला, "पोरगी चालाले लागली का घेऊन येतो. कोणत्या ठिकाणचा, ते तुमी दाखवसान का?" मी हो म्हटलं. जटपुऱ्याकडचा तट चांगला आहे, तो दाखवीन. त्याला काय कळणार.

तुमच्या गावाचा पत्ता आता माझ्याकडे आहे. पाठवलं तर हे तिथं पोचेल, आणि शाळेतलं कुणीतरी सगळ्यांना वाचून दाखवेल. म्हणून पाठवणार नाही. उद्या कामावर जायच्या आधी फाडून टाकीन. फक्त एक सांगायचं होतं. तुमच्या त्या गोष्टीत वस्तीतले लोक उभे राहिले होते, आणि त्या माणसाला हो म्हणताना, सर, मी त्यांच्यात माय आणि बाबांनाही उभं केलं.